बॅग कुणाची आहे?

जुलै २००६. लोकलमधल्या स्फोटांना आठ-दहा दिवस झाले असतील. बोरिवलीहून चर्चगेटला जाणारी सकाळची फास्ट लोकल. बाहेर पाऊस, खिडक्या खाली ओढलेल्या, डब्यात ओल्या छत्र्यांचा वास. वरच्या रॅकवर एक काळी रेक्झिनची बॅग होती. कुणीतरी विचारलं, "बॅग कुणाची आहे?" त्या दिवसांत हा प्रश्न प्रत्येक डब्यात, जवळजवळ प्रत्येक स्टेशननंतर विचारला जायचा, आणि विचारायलाच हवा होता.

"माझी आहे," खिडकीजवळच्या माणसानं हात वर केला. चाळिशीचा असेल. दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. बॅगेला मालक मिळाला होता, विषय तिथेच संपायला हवा होता. पण मालक दिसल्यावरच डबा खरा अस्वस्थ झाला. "उघडून दाखव," एक जण म्हणाला. बाकीच्यांना "अहो" म्हणणारा तो माणूस इथे एकदम "दाखव"वर आला होता. त्या गृहस्थानं काही वाद घातला नाही. उठून बॅग काढली, चेन उघडली आणि एकेक वस्तू मांडीवर ठेवत गेला. एक टॉवेल. स्टीलचा डबा. लहान मुलाचा पिवळा रेनकोट, बटणं तुटलेला, बहुधा दुरुस्तीला नेत असावा. "डबा पण उघड." त्यानं डबाही उघडला. चपात्या आणि भेंडीची भाजी.

नंतर कुणी काही बोललं नाही. त्यानं सगळं परत भरलं, रेनकोटची नीट घडी घातली, बॅग मांडीवर घेतली आणि अंधेरीला उतरला. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. मीही काही बोललो नाही, कारण खरं सांगायचं तर मलाही आत काय आहे ते पाहायचं होतं.

गेली एकोणीस वर्षं मी त्या सकाळचा विचार करत आलो आहे. "बॅग कुणाची आहे?" हा प्रश्न वस्तूबद्दलचा आहे. त्याला उत्तर असतं, ते तपासता येतं. डब्यात मनातल्या मनात विचारला गेलेला दुसरा प्रश्न होता, "हा कोण आहे?" त्याचं उत्तर सगळ्यांनी त्याची टोपी बघून आधीच देऊन टाकलं होतं. दहशतवादी हल्ल्यानंतर आपला समाज, आपली माध्यमं, आपले पुढारी आणि अनेकदा आपले तपास अधिकारीसुद्धा पहिला प्रश्न सोडून दुसऱ्याच्या मागे लागतात. याची किंमत चुकीच्या माणसाला मोजावी लागते हे आपण निदान तोंडदेखलं तरी मान्य करतो. ज्यांची माणसं गेली त्यांनाही ती मोजावी लागते, हे मात्र अजून आपल्या ध्यानात आलेलं नाही, आणि मला मुख्यतः त्याबद्दलच लिहायचं आहे.

११ जुलै २००६, मंगळवार. संध्याकाळी सहा चोवीसपासून अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये सात स्फोट झाले. सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यात. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, मीरा रोड-भाईंदर, बोरिवली. १८९ माणसं गेली, आठशेहून अधिक जखमी झाली. मोबाइल बंद पडले होते. रुळांलगतच्या वस्त्यांमधली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली आणि त्या चादरींची स्ट्रेचर झाली. त्या वस्त्यांमध्ये कोण कुठल्या धर्माचं राहतं हे मुंबईकरांना सांगायला नको. दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या, आणि मुंबईच्या 'स्पिरिट'चं कौतुकही सुरू झालं.

कौतुकाच्या जोडीनं दबावही वाढत होता. रोज एकच विचारणा, कोणी पकडलं का? सूत्रांच्या हवाल्यानं रोज नवे धागेदोरे, रोज नवा 'मास्टरमाइंड'. दहशतवादविरोधी पथकानं, म्हणजे एटीएसनं, अटकसत्र सुरू केलं, आणि ३० सप्टेंबरला तत्कालीन पोलीस आयुक्तांनी पत्रकार परिषदेत प्रकरणाचा छडा लागल्याचं जाहीर केलं. स्फोटांना तीन महिनेही झाले नव्हते. त्या दिवशी आम्हा प्रवाशांना केवढं हायसं वाटलं होतं! तेव्हा मनात कसलीही शंका आली नव्हती.

मकोका, म्हणजे महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखालच्या विशेष न्यायालयानं सप्टेंबर २०१५ मध्ये तेरा आरोपींपैकी बारा जणांना दोषी ठरवलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. तेरावा, व्यवसायानं शिक्षक, नऊ वर्षं तुरुंगात काढून निर्दोष सुटला. पुढे २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठानं उरलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. आरोप सिद्ध करण्यात सरकारी पक्ष पूर्णपणे अपयशी ठरला, असं न्यायालयानं म्हटलं. फाशी झालेल्या पाचांपैकी एक जण २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोविडनं आधीच मरण पावला होता.

निकालपत्रातले तपशील सामान्य वाचकानंही समजून घ्यावेत असे आहेत. आरोपींना गाडीतून नेल्याचं सांगणारा टॅक्सीचालक पोलिसांपुढे आला तो घटनेनंतर शंभराहून अधिक दिवसांनी. इतक्या दिवसांनी त्याला चेहरे का आणि कसे आठवावेत, याचं पटण्याजोगं कारण न्यायालयाला दिसलं नाही. ओळखपरेड ज्या अधिकाऱ्यानं घेतली त्याला ती घेण्याचा अधिकारच उरलेला नव्हता. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांत कित्येक भाग जसेच्या तसे सारखे होते, आणि ते छळ करून घेतल्याच्या तक्रारीत न्यायालयाला तथ्य दिसलं. स्फोटांत वापरलेले बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते, हेसुद्धा सरकारी पक्षाला शाबित करता आलं नाही. बॉम्ब कसला होता हेच ज्या खटल्यात ठरलं नाही, त्यात पाच जणांची फाशी मात्र ठरून गेली होती!

कबुलीजबाबाबद्दल इथे थोडं सांगायला हवं, कारण घाई कायद्यात कशी शिरते ते त्यावरून कळतं. एरवी आपल्या कायद्यात पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रजांनी केलेल्या पुराव्याच्या कायद्यातही ती चालत नव्हती, कारण कोठडीत काय चालतं हे त्यांनाही ठाऊक होतं. मकोकानं त्याला अपवाद केला. पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य झाली. एकदा हे दार उघडल्यावर, ज्या तपासावर सगळ्या देशाचे डोळे लागलेले आहेत त्यात माणूस सोप्या वाटेनं जातो. पुरावा गोळा करायला महिने लागतात. कबुलीला काही रात्री पुरतात.

यावर लगेच म्हटलं जातं, "सुटले म्हणजे निर्दोष थोडेच? तांत्रिक मुद्द्यांवर सुटले." राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या न्यायालयानं तीन दिवसांत, हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरू नये असा आदेश दिला. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात पाठवलं नाही. तेव्हा अंतिम शब्द अजून व्हायचा आहे, हे मी मान्य करतो. हे बारा जण कोण होते आणि त्यांनी काय केलं किंवा नाही केलं, हे मला माहीत असल्याचा दावा मी करत नाही. पण तांत्रिक मुद्दा कशाला म्हणायचं? साक्षीदार खरा आहे का, कबुली मारून घेतली का, बॉम्ब कसला होता, हे मुद्दे काढून टाकले तर खटल्यात उरतं काय? आरोपीचं नाव आणि आपला राग. बस.

आता त्या १८९ घरांचा विचार करा. नऊ वर्षं त्यांना सांगितलं गेलं, गुन्हेगार पकडलेत. पुढची दहा वर्षं सांगितलं गेलं, शिक्षाही झाली आहे. एकोणीस वर्षांनी कळलं की यातलं काहीच शाबित नाही. स्फोटात जखमी झालेला एक तरुण नऊ वर्षं रुग्णालयातच बेशुद्धावस्थेत होता; तो २०१५च्या जुलैत गेला, सत्र न्यायालयाच्या निकालाच्या दोन महिने आधी. त्याच्या आईवडिलांना आपण आज काय सांगणार? उच्च न्यायालयानं निकालपत्राच्या सुरुवातीलाच म्हटलं आहे की, गुन्ह्याचा उलगडा झाल्याचा खोटा देखावा लोकांना फसवं समाधान देतो आणि खरा धोका मोकळाच राहतो. कागदपत्रांनी भरलेल्या त्या शेकडो पानांत मला हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

खरा धोका मोकळा राहतो म्हणजे काय, ते जरा बारकाईनं पाहू. तपास एका दिशेला लागला की सगळी माणसं, सगळे तास, सगळी साधनं तिकडेच वळतात. दुसऱ्या दिशेचे पुरावे मात्र थांबून राहत नाहीत. फोनच्या नोंदी कंपन्या ठरावीक काळच ठेवतात. तेव्हा ती मुदत साधारण वर्षाची होती. साक्षीदार गाव सोडतात, विसरतात, मरतात. चुकीचा माणूस आत असलेला प्रत्येक महिना खऱ्या गुन्हेगाराला पुरावे पुसायला मिळालेला महिना असतो. २००८ मध्ये मुंबई गुन्हे शाखेनं इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेचे म्हणून काही जण पकडले, तेव्हा लोकलचे स्फोट आपणच केल्याची एकाची कबुली पुढे आली. ती कबुली तरी खरी होती का? तो माणूसही पुढे न्यायालयात फिरला. एकाच राज्याच्या पोलिसांच्या दोन शाखांकडे एकाच गुन्ह्याच्या दोन कहाण्या होत्या, आणि दोन्ही कबुलीवर उभ्या. यातली कुठलीही आज टिकलेली नाही.

मालेगावची गोष्ट याहून गुंतागुंतीची, आणि आपल्या सगळ्यांनाच अडचणीत टाकणारी आहे.

८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारातचा शुक्रवार. यंत्रमागांच्या या गावात बडा कब्रस्तान आणि मुशावरत चौक परिसरात सायकलींवर ठेवलेले बॉम्ब फुटले. तिसाहून अधिक माणसं मेली, बहुतेक नमाजाला आलेली, त्यात लहान मुलंही होती. एटीएसनं नऊ मुस्लिम तरुणांना अटक केली. त्यातले दोघे लोकल स्फोटांच्या खटल्यातही आरोपी होते. गावातली माणसं तेव्हापासून म्हणत होती की, कब्रस्तानात आमचीच माणसं आम्ही का मारू? कुणी ऐकलं नाही. तपास एटीएसकडून सीबीआयकडे, तिथून राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे, म्हणजे एनआयएकडे गेला. मध्ये एका वेगळ्याच गटातल्या माणसाचा कबुलीजबाब आला आणि दिशाच बदलली. पुढे तोही कबुलीजबाब त्यानं नाकारला. अखेर एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयानं या मुस्लिम आरोपींना खटल्यातून मुक्त केलं आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं नमूद केलं. नऊपैकी एक जण तोवर हयात नव्हता. नंतर ज्यांना आरोपी केलं त्यांच्यावरही आजवर गुन्हा शाबित झालेला नाही. कब्रस्तानाच्या दारात मेलेल्या त्या माणसांना कुणी मारलं? उत्तर नाही.

दोन वर्षांनी, २९ सप्टेंबर २००८ला, त्याच गावात भिक्कू चौकात, तपासानुसार मोटारसायकलवर ठेवलेल्या बॉम्बनं सहा जण मारले. या वेळी हेमंत करकरे यांच्या एटीएसनं साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर, लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित आणि इतरांना पकडलं. आता बाजू उलटल्या. लोकलच्या प्रकरणात ज्यांना पोलिसांचा शब्द वेदवाक्य वाटत होता त्यांना करकरे यांच्या तपासात कारस्थान दिसू लागलं. पोलिसांवर कधीच विश्वास न ठेवणाऱ्या काहींनी आरोपपत्र येण्याआधीच एका अख्ख्या रंगाला दहशतीचं नाव जोडलं. करकरे यांच्यावर जाहीर टीकेचा भडिमार चालू असतानाच २६ नोव्हेंबरच्या रात्री ते कामा रुग्णालयाच्या गल्लीत मारले गेले. आदल्या आठवड्यात त्यांच्या हेतूवर शंका घेणाऱ्यांना मग त्यांच्या फोटोला हार घालताना महाराष्ट्रानं पाहिलं.

या खटल्याचा निकाल ३१ जुलै २०२५ रोजी लागला. विशेष न्यायाधीश ए. के. लाहोटी यांनी सातही आरोपींना निर्दोष मुक्त केलं. तीनशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले होते, त्यातले तीसहून अधिक फितूर झाले. बॉम्ब त्या मोटारसायकलवरच होता हेही शाबित झालं नाही. संशय कितीही असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, आणि दहशतवादाला धर्म नसतो, असं न्यायालयानं म्हटलं. मृतांच्या वारसांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये देण्याचा आदेश झाला. सतरा वर्षांनी, माणशी दोन लाख.

२१ जुलै आणि ३१ जुलै. दहा दिवसांचं अंतर. पहिल्या निकालावर मुख्यमंत्र्यांनी धक्का बसल्याचं सांगितलं आणि सरकार लगोलग दिल्लीला धावलं. दुसऱ्या निकालावर सत्ताधाऱ्यांनी फटाके वाजवले; भगवा दहशतवाद कधी नव्हताच, हे आता शाबित झालं, अशी भाषा झाली. पहिल्या निकालाला न्यायाचा विजय म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी दुसऱ्या निकालात यंत्रणेनं खटला मुद्दाम ढिला सोडला असं म्हटलं. त्या दहा दिवसांत माझ्या ओळखीच्या कितीतरी सुशिक्षित, सरळमार्गी माणसांनी दोन्ही निकालांवर नेमकी उलट मतं दिली. आपण तसं का करतो आहोत याचा विचार करायला त्यातला एकही जण थांबलेला मला दिसला नाही.

सरकारी पक्षाच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा असू शकते, आणि ती दोन्ही खटल्यांत घ्यावी. मालेगावच्या मृतांच्या नातेवाइकांनी उच्च न्यायालयात अपील केलं आहे आणि तो त्यांचा हक्क आहे. माझं म्हणणं साधं आहे: कबुलीजबाब छळानं घेतला का, हा प्रश्न आरोपीच्या नावावर ठरत नाही. बारा मुसलमान सुटले की "पुराव्याअभावी सुटले" आणि सात हिंदू सुटले की "निर्दोष शाबित झाले", किंवा याच्या बरोब्बर उलट, असं बोलणारा माणूस न्यायाबद्दल बोलतच नसतो. तो अजून त्या डब्यात उभा राहून टोपीकडे बघत असतो. त्या दहा दिवसांत लोकल आणि मालेगाव मिळून १९५ मृतांना खुनी कोण ते कळेनासं झालं, आणि यावर एकत्र रडायला दोन्ही बाजूंचा एकही माणूस पुढे आला नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात २१ नोव्हेंबर १९७४ला दोन पबमध्ये बॉम्ब फुटून २१ माणसं मेली. मूळच्या उत्तर आयर्लंडच्या सहा जणांना जवळजवळ लगेच पकडलं, मारून कबुल्या घेतल्या, आठवड्याभरात नवा दहशतवादविरोधी कायदा झाला, पुढच्या वर्षी जन्मठेपा झाल्या. मार्च १९९१ मध्ये सोळा वर्षांनी ते निर्दोष सुटले. खऱ्या गुन्हेगारांना आजतागायत शिक्षा झालेली नाही. त्या एकवीस घरांची माणसं अजून विचारत आहेत.

आता यावर कुणी म्हणेल, पण हल्ल्यानंतर घाई नको तर काय करायचं, हातावर हात ठेवून बसायचं? तसं मी म्हणत नाही. तपासाला घाई हवीच. जागा सील करणं, तुकडा न् तुकडा गोळा करणं, सीसीटीव्ही आणि फोनच्या नोंदी ताब्यात घेणं, जखमींचे जबाब त्यांची आठवण ताजी असताना घेणं, यात एक तासही दवडू नये. शंभर दिवसांनी टॅक्सीवाला सापडणं हे उशिराचं लक्षण आहे, घाईचं नाही. घाई नको ती निष्कर्षाची. आपल्याकडे नेमकं उलट होतं. निष्कर्ष अठ्ठेचाळीस तासांत आणि साक्षीदार शंभर दिवसांनी.

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. २६/११चा खटला बघा. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या झेलून अजमल कसाबला जिवंत पकडून दिलं. त्याला तिथेच मारून टाकायला हवं होतं, खटल्यावर पैसे कशाला, बिर्याणी कशाला, असं किती जण म्हणत होते ते आठवतं ना? मुंबईतल्या वकिलांनी त्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. तरी त्याला वकील दिला गेला. सीसीटीव्ही, छायाचित्रं, प्रत्यक्षदर्शी, पलीकडच्या सूत्रधारांशी झालेलं फोनवरचं बोलणं, सगळं उघड्या न्यायालयात तपासलं गेलं. ज्या न्यायाधीश ताहिलयानी यांनी कसाबला फाशी दिली त्यांनीच फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद या दोन भारतीय आरोपींना पुराव्याअभावी सोडलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये दोन्ही गोष्टी कायम ठेवल्या. अन्सारीचे वकील शाहिद आझमी यांना निकालाआधीच, फेब्रुवारी २०१० मध्ये, कुर्ल्याच्या त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालण्यात आल्या. तरीही खटला थांबला नाही. त्या वेळी मुंबईतल्या मुस्लिम संस्थांनी मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना आपल्या कब्रस्तानात जागा द्यायला नकार दिला होता, हेही विसरू नये.

त्या धीरानं आपल्याला काय मिळालं? कसाबविरुद्धचा पुरावा एवढा भक्कम होता की फेब्रुवारी २००९ मध्ये पाकिस्तानच्या गृहखात्याचे प्रमुख रेहमान मलिक यांना कटाचा काही भाग आपल्या भूमीवर रचला गेल्याचं जाहीर कबूल करावं लागलं. याउलट लोकलच्या स्फोटांबाबत आज जगापुढे ठेवायला आपल्या हातात काय आहे? "पाकिस्तानला धडा शिकवा" असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी तर कच्च्या तपासावर सगळ्यात जास्त चिडायला हवं. देशप्रेमाच्या नावानं घाई करणारे शत्रूची सुटका करून देतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

२२ एप्रिल २०२५ला काश्मीरमधल्या पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २६ जणांना मारलं. त्यातले सहा आपल्या महाराष्ट्रातले, डोंबिवली, पुणे, पनवेलचे. मारणाऱ्यांनी धर्म विचारून मारलं. दुःख आणि संताप दोन्ही रास्त होते, माझाही होता. पण मारणाऱ्यांना पर्यटकांचा धर्म विचारावासा वाटला म्हणून आपणही पुढच्या काही दिवसांत तेच करावं? उत्तरेतल्या काही शहरांत काश्मिरी विद्यार्थ्यांना धमक्या मिळाल्या, मसुरीत काश्मिरी शालविक्रेत्यांना मारहाण झाली. त्याच हल्ल्यात पर्यटकांसाठी उभा राहिलेला एक स्थानिक काश्मिरी घोडेवालाही मारला गेला होता. लग्नाला आठवडाही न झालेल्या एका नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीनं, त्याच्या वाढदिवशी रक्तदान शिबिरात, हात जोडून सांगितलं की मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता हवी आणि न्याय हवा. तिचं सर्वस्व गेलं होतं. त्या मुलीला समाजमाध्यमांवर इतक्या घाणेरड्या शिव्या घातल्या गेल्या की राष्ट्रीय महिला आयोगाला निषेध करावा लागला. मृतांसाठी आपण पेटून उठलो असतो तर त्यांच्या माणसांचं ऐकलं असतं.

तीन महिन्यांनी, २८ जुलैला, श्रीनगरजवळ तीन दहशतवादी मारले गेले. त्यांच्याकडच्या रायफली आणि बैसरनमध्ये सापडलेल्या पुंगळ्या चंदीगडच्या प्रयोगशाळेत जुळवून पाहिल्यावरच हेच ते असं गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं. माणूस मेल्यावरही "हाच तो का?" हे तपासून बघितलं गेलं. हे असंच व्हायला हवं, आणि सरकार कोणाचंही असो, जे चांगलं केलं ते म्हणावं.

काही गोष्टी सरकारकडे मागायला हव्यात. पोलिसांनी माध्यमांना काय आणि किती सांगावं याची नियमावली करा, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये गृहमंत्रालयाला सांगितलं होतं. तोंडं झाकलेले आरोपी कॅमेऱ्यांपुढे उभे करण्याची प्रथा बंद व्हायला हवी. चुकीच्या खटल्यात वर्षं गेलेल्यांना भरपाई देण्याचा कायदा करावा, असं विधी आयोगानं २०१८च्या अहवालात सुचवलं आहे. तो अहवाल पडून आहे. आणि अशा प्रत्येक निकालानंतर मृतांच्या कुटुंबांना, मग खरा तपास कधी, याचं लेखी उत्तर सरकारकडून मिळायला हवं. आरोपी सुटल्याची बातमी त्यांना टीव्हीवरून कळावी ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

पण बरंचसं आपल्याच हातात आहे. पुढचा हल्ला होऊ नये अशी प्रार्थना आहे. झाला तर पहिल्या तासाभरात फोनवर एक फोटो येईल, एक नाव येईल, "हाच तो" असं लिहिलेलं असेल. तो फोटो पुढे पाठवण्याआधी अंगठा थांबवता येतो. "सूत्रांनी सांगितलं" असं कुणी म्हटलं की कुठल्या, हे विचारता येतं. आणि डब्यात कुणी "उघडून दाखव" म्हणालं तर "अहो, त्यांनी सांगितलं ना त्यांची आहे म्हणून" इतकं बोलता येतं. मला तेव्हा तेवढंही जमलं नाही.

२१ जुलै २०२५च्या संध्याकाळी मी ऑफिसातून घरी येत होतो. डब्यात निकालाचीच चर्चा. कुणी न्यायाधीशांना नावं ठेवत होतं, कुणी पोलिसांना. माहीम आलं, गेलं. त्या स्टेशनात दरवर्षी ११ जुलैला फुलं वाहिली जातात. डोक्यावरच्या रॅकवर सात-आठ बॅगा होत्या, लॅपटॉपच्या, डब्याच्या, एक भाजीची पिशवी. एकोणीस वर्षांपूर्वी याच मार्गावरच्या सात गाड्यांत मरण ठेवून कुणीतरी उतरून गेलं होतं. कोण, ते आम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही.